ओरियानोचा मित्र

इटलीतल्या फाएन्झाच्या जुन्या फळबाजाराच्या शेडमध्ये महिन्यातल्या एका रविवारी गाण्यांच्या जुन्या तबकड्यांचा बाजार भरायचा. लोरिस बायकोला सांगून निघायचा की काहीतरी घ्यायला चाललोय, पण खरं तर तो बोलायला जायचा. गावात त्याचं बाथरूमच्या फरशांचं दुकान होतं. आठवडाभर गिऱ्हाइकांना पांढऱ्या रंगाच्या छटा समजावून सांगताना त्याचा जीव मेटाकुटीला यायचा. त्या रविवारी मात्र तो टेबलांच्या मधोमध उभा राहायचा, आपल्या तरुणपणाच्या गोष्टी सांगायचा आणि माणसं हातातलं काम थांबवून ऐकायची. त्याला गोष्ट रंगवता यायची.

त्या गोष्टींत ओरियानो असायचाच.

लोरिस आणि ओरियानो लुगोच्या शाळेत एका बाकावर बसायचे. त्यांची शाळा संपली तेव्हा नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं आणि सगळ्या किनाऱ्यावरच्या डिस्कोंमधून एक नवंच संगीत ऐकू येत होतं. खालून सरळसोट ठोका, वर पियानोचे उड्या मारणारे सूर, आणि एखादी बाई जीव तोडून एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतेय. ही गाणी एकेकटीच निघत. एक मोठी तबकडी, तिच्यावर एकच गाणं, दोन बाजूंना दोन तऱ्हांनी, नाचणाऱ्यांना पुरेल इतकं लांबवलेलं. त्या गाण्यांनी दोघांना असं काही झपाटलं की आठवडा म्हणजे फक्त शनिवारची वाट बघणं, एवढंच उरलं.

शनिवारी जेवण झालं की दोघं ओरियानोच्या मोपेडवर बसून राव्हेन्ना गाठायचे. मोपेडवर दोघांनी बसायला बंदी होती, म्हणून पोलीस दिसला की लोरिस उडी मारून उतरायचा आणि आपला या गाडीशी काही संबंध नाही अशा थाटात चालू लागायचा. स्टेशनजवळ इनेस नावाच्या बाईचं दुकान होतं. इंग्लंडहून, बेल्जियमहून आलेला नवा माल ती शनिवारीच फोडायची. ऐकायला हेडफोन एकच होता. त्याचा एक कान लोरिस धरायचा, एक ओरियानो, आणि दोघं गालाला गाल लावून मान हलवत उभे राहायचे. इनेसबाई गल्ल्यावरून म्हणायची, "लग्नाची तारीख कळवा रे, मी साडी-चोळीचं बघते," आणि दुकानातली सगळी पोरं हसायची. म्हणजे तिच्या भाषेत ती हुंड्यातल्या चादरींबद्दल बोलायची, पण टोमणा हाच.

दोघांचा एक करार होता. एकच तबकडी दोघांनी घ्यायची नाही. एकानं एक घेतली की दुसऱ्यानं दुसरी घ्यायची, म्हणजे दोघांचं मिळून एक भांडार होईल. इंग्रजी दोघांनाही यायचं नाही. एका गाण्यातली बाई 'कोंबडी खिडकीत बसली' असं म्हणते अशी ओरियानोची पक्की खात्री होती, आणि ते दोघं कित्येक महिने तसंच म्हणत नाचले.

सगळ्या तबकड्या राहायच्या ओरियानोकडे. त्याच्या बापाची पीचची बाग होती आणि फळं ठेवायच्या खोलीवरची माडी ओरियानोची. उन्हाळ्यात तिथं पिकल्या पीचचा असा वास भरायचा की तबकड्यांच्या पाकिटांनाही तो लागायचा. फळांवर चिकटवायची, बागायतदारांच्या सहकारी संस्थेची, पीचचं चित्र असलेली छोटी गोल लेबलं घरात ढिगानं पडलेली असत. ओरियानो ती तबकडीच्या मधोमध चिकटवायचा. चांगल्या बाजूला एक पीच, वेड लावणाऱ्या बाजूला दोन. अंधारातही बाजू चुकायला नको, हा हिशेब.

आणि मग ती जत्रेची गोष्ट. लोरिस ही बाजारात निदान दोन महिन्यांतून एकदा सांगायचाच. लुगोत उन्हाळ्यात डाव्या पक्षाचा मेळा भरायचा. लाकडी मंचावर बँड, खाली म्हातारी जोडपी वॉल्ट्झ आणि मझुर्का नाचतायत. बँडवाले वाइन प्यायला खाली उतरले, तेवढ्यात या दोघांनी मंचावरच्या यंत्रावर आपली तबकडी लावली. म्हाताऱ्यांनी क्षणभर एकमेकांकडे बघितलं, आणि मग त्या धडाडणाऱ्या ठोक्यावर आपली मझुर्का तशीच पुढे चालू ठेवली. पक्षाचा सेक्रेटरी स्वयंपाकाच्या तंबूतून हातात पळी घेऊन मंचाकडे धावला. "आणि आमचा ओरियानो," लोरिस सांगायचा, "मंचाखाली! टेबलक्लॉथमध्ये गुंडाळून! मी एकटा उभा त्या पळीसमोर." लोक पोट धरून हसायचे. बाजारात कुणी नवीन आलं की नेव्हियो, म्हणजे बाजार भरवणारा म्हातारा, लोरिसला म्हणायचा, "अरे, यांना तो ओरियानो ऐकव." जिवंत माणसाचं असं गाण्यासारखं झालं होतं.

खरी गोष्ट अशी की लोरिसनं ओरियानोला अकरा वर्षांत पाहिलेलं नव्हतं.

भांडण झालं नव्हतं. लोरिसनं लग्न केलं, फाएन्झाला दुकान टाकलं. ओरियानो मागेच राहिला, बापाबरोबर बाग बघत. सुरुवातीला नाताळला भेटायचे, मग फोन, मग तोही नाही. शेवटच्या फोनवर ओरियानो म्हणाला होता की पायांना सारख्या मुंग्या येतायत, चालताना तोल जातो. लोरिसच्या समोर तेव्हा एक गिऱ्हाईक उभं होतं. डॉक्टरला दाखव, मी रात्री करतो फोन, असं म्हणून त्यानं ठेवला. रात्री तो विसरला. दुसऱ्या दिवशी आठवलं तेव्हा वाटलं, उद्या करू. महिना गेल्यावर वाटलं, आता केला तर आधी महिन्याचं काय ते सांगावं लागेल. वर्ष गेल्यावर तर फोनकडे बघायचीही लाज वाटायला लागली. मग त्यानं फोन करायचं सोडून दिलं आणि गोष्टी सांगायला लागला.

एप्रिलमधल्या त्या रविवारी लोरिस शेडमध्ये शिरला तर दाराजवळ एक नवं टेबल लागलं होतं. मागे पन्नाशीची एक बाई उभी होती, केस घट्ट बांधलेले, अंगात हिरवा स्वेटर. टेबलावर फळांच्या लाकडी पेट्या आणि त्यांत उभ्या लावलेल्या तबकड्या. लोरिसनं सवयीनं एक उपसली, पाकिटातून अर्धी बाहेर काढली, आणि मधोमध त्याला पीचची दोन लेबलं दिसली.

त्यानं ती खाली ठेवली. दुसरी काढली, एक पीच. तिसरी काढली ती त्यानं स्वतः घेतलेली होती, इनेसबाईच्या दुकानात, एका पावसाळी शनिवारी. कोंबडी खिडकीत बसली.

"हे तू कुठून आणलंस?" त्यानं विचारलं.

"घरून," बाई म्हणाली. तिच्या बोलण्यात रोमानियाची लकब होती.

"कुणाच्या घरून?"

"आमच्या."

लोरिस हसला. पुढे कितीतरी दिवस त्याला स्वतःचं ते हसणंच आधी आठवायचं. त्या एका क्षणात त्यानं सगळी गोष्ट मनातल्या मनात रचून टाकली होती. ओरियानोच्या घरी म्हातारा बाप असणार, त्याचं हगणंमुतणं करायला ही परदेशी बाई ठेवली असणार, आणि हिनं माडीवरचं सामान हळूच खाली उतरवलं. त्याला ही गोष्ट इतकी खरी वाटली की ती रचलेली आहे हेसुद्धा त्याच्या ध्यानात आलं नाही.

"तू त्या घरात कामाला आहेस का?"

बाईचा चेहरा आवळला. "घ्यायचं असेल तर घ्या," ती म्हणाली. "नाहीतर पुढच्या माणसाला बघू द्या."

झालं. लोरिसचा आवाज चढला. त्यानं तबकडी हातात उंच धरली आणि आजूबाजूच्या लोकांना सांगितलं की या ओरियानोच्या तबकड्या आहेत, आपल्या ओरियानोच्या, ही लेबलं बघा, तो मेला तरी या विकणार नाही, आणि या बाईला विचारलं तर नीट उत्तर देत नाही. लोक गोळा झाले. ओरियानोला सगळेच ओळखत होते ना. कुणीतरी म्हणालं, हल्ली असंच चाललंय. नेव्हियो लगबगीनं आला आणि बाईला म्हणाला की नक्की काय ते कळेपर्यंत पेट्या झाकून ठेवलेल्या बऱ्या. ती जागची हलली नाही. तेव्हा लोरिस म्हणाला, "पोलिसांना बोलवा. ते विचारतील नीट."

बाईनं दोन्ही हात पेटीच्या कडेवर ठेवले.

"ओरियानो बाहेर आहे, व्हॅनमध्ये," ती म्हणाली. "इथल्या पायऱ्या त्याला चढता येत नाहीत. मी विओरिका, त्याची बायको. जा, विचारून या."

नेव्हियोनं घसा खाकरला आणि पेट्या झाकायला आणलेलं कापड पाठीमागे लपवलं. लोरिस काहीतरी बोलायला गेला, पण विओरिका टेबलाच्या बाजूनं त्याच्याजवळ आली आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "लोरिस तुम्हीच ना? तो तुम्हा दोघांचा जुना फोटो बघत असतो, म्हणून ओळखलं. त्याला यातलं काही सांगू नका. तुमच्यासाठी नाही म्हणत. त्याच्यासाठी म्हणते."

बाहेर चिनाराच्या सावलीत एक पांढरी व्हॅन उभी होती. खिडकीशी बसून एक जाडजूड माणूस चीज भरून गुंडाळलेली पियादिना नावाची पोळी खात होता, आणि त्याच्या मांडीवर चीजचे थेंब पडले होते. केस पूर्ण पिकलेले. लोरिसला तो आधी डोळ्यांवरून ओळखू आला.

"अरे!" ओरियानो म्हणाला, आणि तोंडातला घास गिळायलाही विसरला. "टाइल्सवाल्या! तू येतोस होय इथं? मी तिला म्हटलंच होतं. म्हटलं, तिथं लोरिस दिसला तर त्याच्याकडून काही घेऊ नको, त्याला हव्या त्या देऊन टाक. अर्ध्या त्याच्याच आहेत."

लोरिस खिडकीला धरून उभा राहिला. ओरियानोच एकटा बोलत होता. पाय गेलेच जवळजवळ, मज्जातंतूंचं दुखणं, पण हात अजून चालतात. बाप गेला. बाग विकली. आता तळमजल्यावर दोन खोल्यांत राहायला चाललोय, तिथं पेट्या मावत नाहीत, म्हणून हा बाजार. विओरिका? ती हॉस्पिटलचे कपडे धुतात त्या कारखान्यात आहे. चार वर्षं झाली लग्नाला. "भेटलास का तिला? ती आपल्या लोकांशी बोलायला जरा बिचकते. पण तुझं सगळं माहितीये तिला. जत्रेचं तर पाठच आहे. तो सेक्रेटरी पळी घेऊन आला आणि आपण दोघं कसे छाती काढून उभे राहिलो!"

लोरिसनं मान खाली घातली. त्या दिवशी मंचाखाली तो स्वतः शिरला होता. टेबलक्लॉथमध्ये गुंडाळलेला तोच होता. पळीसमोर उभा राहिला, पाठीवर दोन फटके खाल्ले आणि गाणं संपेपर्यंत तबकडी उचलू दिली नाही, तो ओरियानो. आणि याच ओरियानोनं इतकी वर्षं आपल्या बायकोला सांगताना लोरिसला मंचाखालून काढून आपल्या शेजारी उभं केलं होतं.

"भेटलो," एवढंच लोरिस म्हणाला.

तेवढ्यात विओरिका एक पेटी कमरेवर घेऊन पायऱ्या उतरून आली. ओरियानोनं विचारलं, एवढ्यात? ती म्हणाली, आज गिऱ्हाईक नाही, सगळे नुसते बघे. लोरिसनं पेटी घ्यायला हात पुढे केला तर तिनं ती त्याच्या अंगावरून पलीकडे नेऊन मागे ठेवली. ओरियानोनं हट्टानं एक तबकडी लोरिसच्या हातात कोंबली. नको म्हणायची त्याला सोय नव्हती. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, काय मिळालं आज, तेव्हा काही नाही म्हणाला; तबकडी तो गाडीतच ठेवून आला होता.

त्या आठवड्यात त्याला अन्न गोड लागेना. दुकानात माणसं बोलायची आणि त्याच्या कानात स्वतःचाच आवाज घुमायचा, 'तू त्या घरात कामाला आहेस का'. शेवटी गुरुवारी दुकान बंद करून तो लुगोला ओरियानोच्या घरी गेला. दार विओरिकानं उघडलं. ओरियानोला व्यायामासाठी नेलं होतं. तिनं त्याला आत बोलावलं नाही.

"बाई, मला माफ करा," लोरिस म्हणाला. "तुम्हाला मी जे बोललो..."

"आज मी 'तुम्ही'," विओरिका म्हणाली. "रविवारी मी 'तू' होते."

त्यानं हातातली गाडीची किल्ली खिशात टाकली.

"हे बघा, या गावात वीस वर्षं झाली मला," ती म्हणाली. "दुकानात पिशवी उघडून दाखव म्हणतात, दाखवते. त्याचं काही नाही. पण तुम्ही त्याचं नाव घेऊन ओरडलात. घरात तुमच्या नावाचं इतकं कौतुक ऐकलंय मी. वाटायचं, एकदा भेटावा हा माणूस." मग जरा थांबून म्हणाली, "माफी मला इथं दारात नको. ज्यांच्यासमोर बोललात त्यांना सांगा. तोंडानं सांगा, एकेकाला."

सांगतो, असं लोरिस म्हणाला. ती पुढच्या महिन्यात पुन्हा टेबल लावणार होती. नेव्हियोनं तिला बोलावूच नये असं काही लोकांचं म्हणणं होतं, कटकट नको म्हणून. लोरिसनं नेव्हियोला भेटून तेवढं मिटवलं आणि त्याला जरा हलकं वाटलं. आपण काहीतरी करतोय असं वाटलं.

मे महिन्यातल्या रविवारी तो लवकर गेला. बाहेर चिनारांखाली ती पांढरी व्हॅन उभीच होती. विओरिका दाराजवळच्याच टेबलामागे होती. एकेका टेबलापाशी जायचं, एकेकाच्या डोळ्यांत बघायचं आणि सांगायचं, हे त्यानं घरून ठरवून आणलं होतं. पहिल्या टेबलापाशी तो गेलाही, पण तिथला माणूस हसून म्हणाला, काय मग, आज ओरियानोचं काय नवीन? आणि लोरिस तिथूनच मागे फिरला. तो सरळ नेव्हियोकडे गेला आणि लाउडस्पीकरचा माइक मागितला. नेव्हियो म्हणाला, जाऊ दे की, कुणाच्या लक्षातही नाही आता. लोरिसनं ऐकलं नाही. सगळ्यांना एकदम सांगितलं की एकेकाकडे बघावं लागणार नाही, हे त्याचं त्यालाही कळत होतं.

तो माइकवर बोलला. मागच्या महिन्यात मी या बाईंवर चोरीचा आळ घेतला, तो खोटा होता. त्या ओरियानोच्या पत्नी आहेत. पोलिसांना बोलवा असं मी म्हणालो, त्याची मला लाज वाटते. आणि जत्रेत मंचाखाली मी लपलो होतो, ओरियानो नाही. काही जण थांबून ऐकत होते. एक जण तबकड्या चाळता चाळता शेजाऱ्याला विचारत होता, "कुठल्या बाई?" कुणीतरी दोन टाळ्या वाजवल्या, आणि मग पुन्हा पेट्यांतली सळसळ सुरू झाली. खरंच कुणाच्या लक्षात नव्हतं. त्या सगळ्यांसाठी तो एका सकाळचा तमाशा होता. तो महिनाभर डोक्यात बाळगला होता फक्त विओरिकानं आणि त्यानं.

त्यानं विओरिकाकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती छताखालच्या कोपऱ्यात लावलेल्या कर्ण्याकडे बघत होती. एक कर्णा आत होता आणि दुसरा, येणाऱ्याजाणाऱ्याला गाणी ऐकू यावीत म्हणून, बाहेर चिनारांकडे तोंड करून लावलेला.

लोरिसनं माइक ठेवला. तो पायऱ्या उतरून व्हॅनकडे गेला. खिडकी उघडीच होती. ओरियानोचे दोन्ही हात मांडीवर होते.

"ऐकलं मी," ओरियानो म्हणाला.

"ती म्हणाली होती तुला सांगू नको."

"मला म्हणाली, गिऱ्हाईक नव्हतं." ओरियानो समोरच्या काचेतून बघत राहिला. "एक महिना मी तिला म्हणतोय, तू नीट मांडलं नसशील, तू हसून बोलली नसशील. आणि ती ऐकून घेतेय." मग त्यानं मान वळवली. "पोलिसांना बोलवा म्हणालास? तिला?"

"हो."

"माझ्या नावानं?"

"हो."

पलीकडे एक बाई कुत्र्याला पाणी पाजत होती, ती जाईपर्यंत ओरियानो तिच्याकडे बघत राहिला. लोरिसला वाटलं, यानं एक शिवी दिली तर किती बरं होईल.

"मंचाखालचं कशाला सांगितलंस?" ओरियानो शेवटी म्हणाला. "ते मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं."

आपण स्वतःला मोकळं करायला गेलो आणि त्यात या माणसानं जपून ठेवलेलं तेवढंही मोडून ठेवलं, हे लोरिसला तेव्हा नीट समजलं.

"आज तू जा," ओरियानो म्हणाला. "मला तिच्याशी बोलायचंय. पुढच्या रविवारी ये, जेवायला ये. पण मी बोलावलं म्हणून नको. तिला विचार, आणि ती हो म्हणाली तर ये."

लोरिस पुन्हा पायऱ्या चढला. विओरिकाच्या टेबलापाशी आता चार-पाच माणसं होती आणि ती एका तरुण मुलीला कुठली बाजू आधी ऐकायची ते समजावत होती. तिनं लोरिसला पाहिलं आणि बोलणं चालू ठेवलं. तोही मध्ये शिरला नाही. रांगेत सगळ्यांच्या मागे उभा राहिला, नवीन कुणी आलं की त्यांना पुढे जाऊ दिलं. ओळखीचे दोघेतिघे जाता जाता त्याच्या खांद्यावर थाप मारून गेले, आणि प्रत्येक थापेला तो आणखी खाली बघत होता.

शेवटी टेबलासमोर कुणीच उरलं नाही.

"ओरियानो म्हणाला, रविवारी जेवायला ये," लोरिस म्हणाला. "तुम्हाला चालेल का, ते विचारायला आलोय."

विओरिकानं रिकामी पेटी उलटी करून तळातला कचरा झटकला. मग म्हणाली, "येतो म्हणून सांगायचे आणि यायचेच नाहीत, अशा माणसांसाठी त्यानं पूर्वी पुष्कळदा ताट मांडून ठेवलंय. मी ते उचललंय. येणार असाल तर या."

"येईन," लोरिस म्हणाला.

"बघू," ती म्हणाली, आणि दुसरी पेटी पुढे ओढली.